विश्लेषण : हृदयाच्या धमन्यांत तोंडातले जिवाणू, मग हार्ट अटॅक हा संसर्ग आहे का?

'हार्ट अटॅक हा संसर्गजन्य आजार असू शकतो' अशा आशयाचे मथळे २०२५ मध्ये जगभरातल्या वेबसाइट्सवर झळकले. निमित्त होतं फिनलंडमधल्या टाम्पेरे विद्यापीठाच्या संशोधनाचं. हृदयाच्या धमन्यांमध्ये साचलेल्या थरांत तिथल्या शास्त्रज्ञांना तोंडातल्या जिवाणूंच्या खुणा सापडल्या. बातमी खरी आहे, संशोधनही गंभीर आहे. पण मराठीत येताना 'संसर्गजन्य' या शब्दाने घोळ केला. शब्दाचा मूळ अर्थ संसर्गातून उद्भवणारा. आपल्या कानाला मात्र तो 'एकाचा दुसऱ्याला लागणारा' असा ऐकू येतो, गोवर किंवा डोळे येण्यासारखा. या संशोधनात तसं काहीही म्हटलेलं नाही. शेजाऱ्याचा हार्ट अटॅक तुम्हाला लागत नाही.

दुसरा घोळ जास्त महागात पडू शकतो. 'कोलेस्टेरॉलचं काही नसतं, सगळा खेळ जिवाणूंचा' असं समजून कोणी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, किंवा 'जिवाणूच आहेत ना, मग अँटिबायोटिकचा कोर्स करून टाकू' म्हणून मेडिकलमधून स्ट्रिप आणली, तर नुकसान थेट त्याचं आहे. यातला दुसरा प्रयोग वैद्यकशास्त्राने आधीच करून पाहिला आहे, हजारो रुग्णांवर आणि पूर्ण शिस्तीने. त्याचा निकाल साधारण २० वर्षांपूर्वी लागला. ती गोष्ट माहीत नसेल तर २०२५ ची बातमी अर्धीच कळते.

टाम्पेरेमध्ये नेमकं काय सापडलं?

पेक्का कार्हुनेन यांच्या गटाने दोन प्रकारचे नमुने तपासले. अचानक मृत्यू आलेल्या १२१ जणांच्या शवविच्छेदनातून मिळालेले हृदयाच्या धमन्यांचे तुकडे, आणि ९६ रुग्णांच्या धमन्यांतून शस्त्रक्रियेने काढलेले थर. दोन्हींत सर्वाधिक आढळला तो 'व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकस' या गटातल्या जिवाणूंचा डीएनए, सुमारे ४२ टक्के नमुन्यांत. हे जिवाणू कुठून बाहेरून आलेले नाहीत. तुमच्या-माझ्या तोंडात ते कायम वस्तीला असतात.

नुसता डीएनए सापडला म्हणजे जिवाणू तिथे राहत होता असं नाही. रक्तातून वाहत आलेला कचराही तिथे अडकू शकतो. पण हा गट त्यापुढे गेला. जिवाणू ओळखणारी प्रतिपिंडं तयार करून त्यांनी थराच्या आत पाहिलं, तेव्हा जिवाणू बायोफिल्मच्या रूपात दिसले. बायोफिल्म म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेलं चिकट आवरण. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा लागतो, तो बायोफिल्मच. (दातांवरच्या थरालाही डॉक्टर 'प्लाक' म्हणतात आणि धमनीतल्या थरालाही. नाव एक असलं तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; बऱ्याच बातम्यांत त्यांची सरमिसळ झाली.)

धमनीतल्या थराच्या चरबीदार गाभ्यात दडलेल्या या वसाहतीकडे शरीराच्या संरक्षण यंत्रणेचं लक्षच गेलेलं नव्हतं. जिथे थर फुटला होता तिथे मात्र आवरणातून सुटे झालेले जिवाणू आणि त्यांच्याभोवती पेटलेला दाह दिसला. त्यावरून संशोधकांनी मांडलेली शक्यता अशी: जिवाणू वर्षानुवर्षं गपचूप पडून राहतात, काही कारणाने जागे होतात, दाह वाढतो, थराचं वरचं कवच कमकुवत होऊन फुटतं आणि तिथे रक्ताची गुठळी होते.

शक्यता पटण्यासारखी आहे. पण हे सगळे नमुने मृत व्यक्तींचे किंवा शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांचे होते. आजाराचा तो शेवटचा मुक्काम. तिथे जिवाणू आधी आले की आजार आधी आला, हे अशा एका फोटोवरून ठरत नाही.

धमनी म्हणजे पाइप नव्हे

आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना 'ब्लॉकेज' म्हटलं की पाइप आठवतो. क्षाराचं पाणी, आतून चढत जाणारा थर, कमी होणारा प्रवाह. अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात देताना डॉक्टरही सोयीसाठी हीच उपमा देतात. पण धमनीकाठिण्य असं होत नाही. थर धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर चढत नाही, तो भिंतीच्या आत तयार होतो.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, धमनीच्या अस्तरातून आत शिरतं आणि अडकतं. ते काढून टाकायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांच्या ढिगाऱ्याभोवती शरीर तंतुमय कवच बांधतं. पुढे त्यात कॅल्शियम साचतं आणि धमनी कडक होते. ही प्रक्रिया तरुणपणीच सुरू होते आणि काही दशकं चालते. हार्ट अटॅक बहुतेकदा येतो तो हे कवच फाटून वर गुठळी जमल्यामुळे. त्यामुळेच कधी कधी ४० टक्के ब्लॉकेज असलेला माणूस कोसळतो आणि ८० टक्केवाला चालत दवाखान्यात येतो.

म्हणजे या आजारात चरबी आहे आणि दाहही आहे. दाह म्हटलं की पुढचा प्रश्न ओघानेच येतो. शरीरात दाह बहुतेकदा जंतूंमुळे होतो, मग इथेही तेच असेल का? हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या नामवंत वैद्याने धमन्या कडक होण्याच्या कारणांत संसर्गाचा समावेश केला होता. नंतर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाचे पुरावे जमत गेले आणि जंतूंचा विषय मागे पडला. तो पुन्हा वर आला १९८८ मध्ये, आणि तोही फिनलंडमधूनच.

अँटिबायोटिकचा मोठा जुगार

त्या वर्षी पेक्का साइक्कू आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. हार्ट अटॅक आलेल्या ४० पुरुषांपैकी ६८ टक्क्यांच्या रक्तात एका विशिष्ट जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण वाढलेलं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत ते १७ टक्के होतं. हा जिवाणू तेव्हा इतका नवा होता की त्याला धड नावही नव्हतं. तैवानमध्ये १९६५ साली एका मुलाच्या डोळ्यातून आणि १९८३ मध्ये सिएटलमध्ये एका विद्यार्थ्याच्या घशातून मिळालेल्या नमुन्यांची आद्याक्षरं जोडून त्याला 'ट्वार' म्हणत. पुढे त्याचं नाव क्लॅमिडिया न्यूमोनिए झालं. खोकला, घसा, सौम्य न्यूमोनिया असे आजार तो करतो. बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन गेलेला असतो.

१९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शवविच्छेदनांत हाच जिवाणू हृदयाच्या धमन्यांतल्या थरांत प्रत्यक्ष दिसला. मग जगभरच्या प्रयोगशाळांतून तशाच नोंदी येऊ लागल्या.

तो काळही अशा कल्पनेला अनुकूल होता. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी पोटातला अल्सर टेन्शन आणि तिखटामुळे नव्हे, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे होतो हे दाखवून दिलं होतं. मार्शल यांनी तर तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला. ज्या आजाराला जन्मभर पथ्य आणि गोळ्या लागत, तो अँटिबायोटिकच्या एका कोर्समध्ये बरा होऊ लागला. हृदयविकाराचंही तसंच निघालं तर? १९९७ मध्ये लंडन आणि अर्जेंटिना इथल्या दोन लहान चाचण्यांत अँटिबायोटिक घेतलेल्या हृदयरुग्णांना कमी त्रास झाल्याचं दिसलं. दोन्हींत रुग्ण जेमतेम २००-२२०. पण उत्साह वाढायला तेवढं पुरेसं होतं.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. 'विझार्ड' नावाच्या चाचणीत साडेसात हजारांहून अधिक रुग्णांना १२ आठवडे अझिथ्रोमायसिन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली गेली. २००३ मध्ये निकाल आला: ठोस फायदा नाही. 'एसेस' चाचणीत ४,०१२ रुग्णांना आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर अझिथ्रोमायसिन देऊन पुढे सरासरी चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. फरक नाही. 'प्रूव्ह इट' चाचणीत ४,१६२ रुग्णांना त्याहून तीव्र असं गॅटिफ्लॉक्सॅसिन दर महिन्याला दहा दिवस, असं दोन वर्षांपर्यंत दिलं. तरीही फरक नाही. (रक्तातली साखर बिघडवत असल्यामुळे याच गॅटिफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या-इंजेक्शनांवर भारताने २०११ मध्ये बंदी घातली.) एसेस आणि प्रूव्ह इटचे निकाल २००५ च्या एप्रिलमध्ये एकाच अंकात छापून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्शल आणि वॉरेन यांना नोबेल जाहीर झालं. एका अवयवाच्या बाबतीत खरी ठरलेली कल्पना त्याच वर्षी दुसऱ्या अवयवाच्या बाबतीत आपटली.

डेन्मार्कमधल्या 'क्लॅरिकॉर' चाचणीचा निकाल तर उलटाच लागला. स्थिर हृदयविकार असलेल्या ४,३७३ रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन दिलं गेलं. तीन वर्षांत या गटातले ९.८ टक्के रुग्ण दगावले, तर बिनऔषधाच्या गटातले ७.८ टक्के. पुढच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयरुग्णांना हे औषध देताना सावध राहण्याचा इशारा दिला.

हृदयविकार टाळण्यासाठी अँटिबायोटिक घ्यायचं का, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. ते 'माहीत नाही' असं नाही. ते 'नाही' असं आहे.

मग जिवाणू निर्दोष सुटले?

इथे मत द्यायचं तर माझं मत असं की जिवाणू सुटले नाहीत, फक्त मुख्य आरोपीच्या खुर्चीवरून उठले.

औषध चाललं नाही याचे दोन-तीन अर्थ निघतात. एक, जिवाणूंचा काही संबंधच नसेल. दोन, संबंध असेल पण फार आधी, तिशी-चाळिशीत; साठाव्या वर्षी गोळी देऊन काय उपयोग? तीन, औषध जिवाणूपर्यंत पोहोचलंच नसेल. टाम्पेरेच्या संशोधनाचं महत्त्व या तिसऱ्या मुद्द्यात आहे. बायोफिल्ममधले जिवाणू अँटिबायोटिकला सहजासहजी दाद देत नाहीत, हे बसवलेल्या सांध्यांच्या आणि कॅथेटरच्या संसर्गांमुळे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. शिवाय २००५ पर्यंतच्या चाचण्यांमध्ये संशय मुख्यतः क्लॅमिडियावर होता, तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसवर नव्हता.

पण हे स्पष्टीकरण जितकं सोयीचं आहे तितकंच तपासून घ्यायला हवं. प्रत्येक अपयशानंतर 'औषध आत पोहोचलं नसेल' असं म्हणता आलं, तर कल्पना कधीच खोटी ठरणार नाही.

जिवाणूवाद्यांना अडचणीत टाकणारी दोन निरीक्षणं बातम्यांत फारशी येत नाहीत. पहिलं उंदरांचं. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या, अंगात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांमध्येही, कोलेस्टेरॉल खूप वाढेल असा जनुकीय बदल केलेला असला की धमन्यांत थर साचतात. हे २००० मध्येच दिसून आलं आहे. म्हणजे आजार सुरू व्हायला जिवाणू लागतातच असं नाही.

दुसरं निरीक्षण बोलिव्हियातलं, आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहणाऱ्या चिमाने या आदिवासी समाजातल्या ७०५ प्रौढांचं सीटी स्कॅन करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या लोकांना जंत, जंतुसंसर्ग, ताप यांचा आयुष्यभर त्रास असतो. सुमारे निम्म्या लोकांच्या रक्तात दाहाची खूण असलेलं सीआरपी वाढलेलं होतं. संसर्ग आणि दाह हेच मूळ असतं तर त्यांच्या धमन्या भरलेल्या दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा मागमूस नव्हता. आजवर नोंदल्या गेलेल्या समाजांत हे प्रमाण सर्वांत चांगलं. ते दिवसभर चालतात, शेती-शिकार-मासेमारी करतात, धूम्रपान जवळपास नाही आणि त्यांचं एलडीएल सरासरी ९० च्या आसपास आहे.

याच्या शेजारी एलडीएलचे पुरावे ठेवून पाहा. अमेरिकेत काही कृष्णवर्णीयांमध्ये 'पीसीएसके-९' या जनुकातल्या बदलामुळे जन्मापासून एलडीएल सुमारे २८ टक्के कमी असतं. त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्के कमी असल्याचं २००६ मध्ये दिसलं. औषधाने एलडीएल साधारण ३९ अंकांनी उतरवलं की हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारख्या घटना पाचव्या हिश्श्याहून थोड्या जास्त घटतात, हे लाखाहून अधिक रुग्णांच्या चाचण्यांतून सिद्ध झालं आहे. कारण सिद्ध होणं म्हणजे हे: कमी केलं की आजार कमी होतो, पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या मार्गांनी. जिवाणूंच्या बाबतीत आपण अजून 'तिथे दिसले' याच पायरीवर आहोत.

हिरड्यांचा मुद्दा, आणि मशेरीचा

तोंडाचा आणि हृदयाचा संबंध मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. १९८९ पासून कितीतरी अभ्यासांत हिरड्यांचा जुना आजार, म्हणजे ज्याला आपल्याकडे पायरिया म्हणतात, असलेल्यांना हृदयविकार जास्त आढळला आहे. रस्ताही उघड आहे. सुजलेल्या हिरडीतून जिवाणू सहज रक्तात उतरतात. त्यासाठी दात काढावा लागत नाही, नुसतं ब्रश करणंही पुरतं. २००८ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ब्रश केल्यावर २३ टक्के लोकांच्या रक्तात तोंडातले जिवाणू सापडले. (म्हणून ब्रश करू नये असा अर्थ कृपया कोणी काढू नये. हिरड्या निरोगी असतील तर हे प्रमाण कमी राहतं, आणि हिरड्या निरोगी राहतात त्या ब्रशमुळेच.)

गोची वेगळीच आहे. ज्याच्या हिरड्या खराब, त्याच्या बाकीच्या सवयी कशा असतात? महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजवायला मशेरीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू गावाकडे आणि शहरांतल्या वस्त्यांमध्ये कित्येक बायका सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासतात. दात साफ करायला म्हणून सुरू होते आणि नंतर सुटत नाही. तंबाखू हिरड्याही खराब करते आणि रक्तवाहिन्याही. आता अशा बाईला पायरिया आणि हृदयविकार दोन्ही झाले, तर हिरड्यांनी हृदय बिघडवलं म्हणायचं की मशेरीने दोन्ही बिघडवलं? त्यात मधुमेहाची भर. तो हिरड्या बिघडवतो, धमन्याही बिघडवतो. शिवाय गरिबी: दाताचा डॉक्टर परवडत नाही आणि बीपीची तपासणीही होत नाही.

संशोधक आकडेमोडीने हे घटक वेगळे काढायचा प्रयत्न करतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं की हे घटक वजा केल्यावरही हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार यांचा संबंध उरतो. पण हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो याला पुरावा नाही. या वाक्याचा पहिला अर्धा भाग टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभतो. दुसरा अर्धा तिथे कधी दिसणार नाही.

मधला एक दुवा मात्र प्रयोगातून मिळाला आहे. २००७ मध्ये पायरिया बळावलेल्या १२० जणांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांच्या हिरड्यांवर सखोल उपचार केले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम तात्पुरतं बिघडलं, दाह वाढला. सहा महिन्यांनी मात्र त्यांच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या प्रसरण पावत होत्या. म्हणजे तोंडात केलेल्या बदलाचा परिणाम धमनीत दिसतो. त्याने हार्ट अटॅक कमी होतात का, हे या चाचणीने सांगितलं नाही, आणि तेवढ्यासाठी ती नव्हतीही.

धमनीत न शिरताही

जिवाणूंना धमनीत शिरायची गरजही नसेल, अशी आणखी एक दिशा आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे स्टॅन्ली हेझन यांनी २०११ पासून दाखवून दिलं की अंडी-मांसातल्या काही घटकांवर आतड्यातले जिवाणू काम करतात, त्यातून पुढे टीएमएओ नावाचं रसायन बनतं आणि ते ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना हृदयविकार जास्त. पण समुद्री माशांत हेच रसायन आयतं असतं आणि मासे खाणाऱ्यांचं हृदय काही जास्त बिघडलेलं दिसत नाही. कोकण-गोव्यातल्या वाचकांनी बांगडा सोडायचं कारण नाही. शास्त्रज्ञांचं कोडं अजून सुटायचं आहे. २०२५ मध्ये माद्रिदच्या एका संस्थेने आतड्यातल्या जिवाणूंच्याच आणखी एका रसायनाचा, इमिडाझोल प्रोपिओनेटचा, धमनीतल्या थरांशी संबंध दाखवला. उंदरांना ते दिल्यावर थर वाढले आणि त्याचा मार्ग अडवल्यावर कमी झाले. माणसांमधल्या चाचण्या बाकी आहेत.

संसर्ग आणि हार्ट अटॅक यांचा सर्वांत पक्का पुरावा आहे तो थर साचण्याबद्दल नसून थर फुटण्याबद्दल. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासानुसार फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट असतो. फ्लू हा विषाणू, जिवाणू नव्हे. पण छातीच्या इतर संसर्गांनंतरही पहिल्या काही दिवसांत असाच धोका वाढलेला दिसतो. इथे उपाय हाताशी आहे आणि त्याची चाचणीही झाली आहे: हार्ट अटॅकनंतर लगेच फ्लूची लस दिलेल्या रुग्णांत पुढच्या वर्षभरात मृत्यू आणि पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी दिसलं. या लसीबद्दल आपल्याकडे किती हृदयरुग्णांना सांगितलं जातं, हा प्रश्न कार्डिओलॉजिस्टना विचारण्यासारखा आहे. घरात हृदयरुग्ण असेल तर पुढच्या फॉलोअपला तो विचाराच.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

कोलेस्टेरॉलची, बीपीची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर या बातमीमुळे त्यात काहीही बदल होत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

अँटिबायोटिकबद्दल भारतात जास्तच बजावून सांगावं लागतं. २०१९ च्या खासगी औषधविक्रीवर आधारलेल्या एका अभ्यासात आपल्याकडे सर्वाधिक खपणारं अँटिबायोटिक ठरलं ते अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. म्हणजे विझार्ड आणि एसेसमध्ये हृदयासाठी निरुपयोगी ठरलेलं तेच औषध. कायद्याने त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काही रुग्णांत हे औषध हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडवू शकतं, हे वेगळंच.

पण याच्या उलट टोकाचाही गैरसमज नको. हृदयाचे दोन आजार असे आहेत जिथे जिवाणूंचा हात निर्विवाद आहे आणि अँटिबायोटिक जीव वाचवतं. लहानपणी घसा धरून नंतर सांधे दुखून हृदयाची झडप खराब झालेल्या, म्हणजे रुमॅटिक हृदयरोगाच्या, रुग्णांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं जातं. ते चुकवू नये. आणि कृत्रिम झडप बसवलेल्यांनी दात काढण्याआधी किंवा हिरड्यांच्या उपचाराआधी दंतवैद्याला तसं सांगायलाच हवं; झडपेला संसर्ग होऊ नये म्हणून त्यांना आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. तो संसर्ग करणाऱ्यांत टाम्पेरेमध्ये सापडलेला व्हिरिडन्स गटच पुढे असतो.

ब्रश करताना रक्त येत असेल, दात हलत असतील, तोंडाला वास येत असेल तर हिरड्या दाखवा. हृदयासाठी म्हणून नको, हिरड्यांसाठी दाखवा. दात शाबूत राहणं आणि नीट चावता येणं हा फायदा सिद्ध व्हायचा बाकी नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात हे होतं. आरोग्य विम्यात मात्र दातांचा खर्च अपघात वगळता बहुतेकदा बसत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेला विमा आणि जबड्याच्या आजाराला खिसा, ही विभागणी कुठल्या वैद्यकीय तर्कावर उभी आहे ते विमा कंपन्यांनी एकदा सांगावं. त्यासाठी टाम्पेरेच्या संशोधनाचा शेवटचा शब्द येईपर्यंत थांबायची गरज नाही.

तो शब्द यायला वेळ लागेल, आणि त्याचं कारण प्रयोगशाळेत नाही. हिरड्यांवर उपचार केल्याने हार्ट अटॅक टळतात का, हे पक्कं ठरवायचं तर हजारो लोकांचे दोन गट करून पाच-दहा वर्षं पाहावं लागेल. एका गटाच्या हिरड्या बऱ्या करायच्या. दुसऱ्या गटाला तेवढी वर्षं हिरड्यांतून रक्त येत राहू द्या, असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही.